हेल्थ खातंच पळून गेलं असतं तर? मुंबई, ऑक्टोबर १८९६

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा उतरवून काढलाय. बोलताना झालेले "काय आहे ना" आणि "म्हणजे बघा" तेवढे कमी केलेत. सगळे नाही, काही राहिलेत.

आजचा विषय साथीचा आहे. प्लेग म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: पुण्यातला रँड आणि चापेकर बंधू. शाळेत तेवढंच होतं. आज मात्र मला एक वेगळाच प्रश्न घ्यायचाय. साथ आल्यावर जे लोक ती थोपवायला उभे असतात, म्हणजे हेल्थ ऑफिसर, डॉक्टर, कंपाउंडर, मुकादम, झाडूवाले, ते कामावर येतात का आणि कशामुळे? घाबरून सगळं शहर पळत असताना यांनी का पळू नये?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो माझ्या धंद्यामुळे. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्याकडे एक गोष्ट लवकर कळते. सर्व्हर पडला तर दुसरा उभा करता येतो, पण रात्री तीनला उठून तो उभा करणारा माणूसच कंटाळून किंवा घाबरून निघून गेला, तर सगळ्या योजना कागदावर राहतात. त्यामुळे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांचा प्लेगवरचा १८९७ सालचा अहवाल वाचायला घेतला, तेव्हा माझं लक्ष रोग्यांच्या आकड्यांपेक्षा खात्यातल्या माणसांकडेच जास्त जात होतं. आणि त्यात एक असा प्रसंग सापडला की त्यावर अख्खा भाग करायचं ठरवलं.

मांडवी, सप्टेंबर

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १८९६. मुंबईतली मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, बंदर, दाटीवाटीच्या चाळी. तिथे उंदीर मरून पडायला लागले होते. मग माणसांना ताप, जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. लोक याला गाठीचा ताप म्हणू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे गोव्याकडचे डॉक्टर मांडवीत प्रॅक्टिस करत होते. हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याच महिन्यात म्युनिसिपालिटीच्या सभेत जाहीरपणे सांगितलं.

आता त्या वेळी काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते बघा. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे माहीत नव्हतं. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवला, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. १८९६ ला समज असा की रोग घाणीत आहे, कोंदट हवेत आहे, गटारात आहे. त्यामुळे डॉ. वियर यांच्या हेल्थ खात्याने शहर अक्षरशः धुऊन काढायला घेतलं. गटारांत समुद्राचं पाणी सोडलं, कार्बोलिक ओतलं, घरांना चुना मारला, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढली. जी घरं राहण्यालायक नाहीत असं वाटलं, त्यांच्यावर "यू. एच. एच." ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य.

हे सगळं कोण करत होतं? अहवालात नावं साहेबांची आहेत. पण गटारात उतरणारा, कौलं काढणारा, मेलेले उंदीर उचलणारा माणूस म्हणजे खात्याचा बिगारी. आणि घराघरातून रोज मैला उचलून नेणारे हलालखोर. तेव्हाच्या मुंबईत बहुतेक ठिकाणी फ्लश वगैरे नाही, मागच्या बोळातून येऊन माणूस पाटी उचलायचा तेव्हा घर चालायचं. बिगाऱ्यांमध्ये कोकण-घाटावरून आलेले महार बरेच, हलालखोर मुख्यतः गुजरात-काठियावाडकडचे. हेल्थ खात्याच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची पायरी. रोगाच्या सगळ्यात जवळ हेच, आणि पगाराच्या यादीतही शेवटी हेच.

ऑर्डर निघाली

६ ऑक्टोबर १८९६ ला स्नो साहेबांनी फर्मान काढलं. प्लेगचा रोगी सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात हलवायचं, घर धुऊन काढायचं. कागदावर योग्यच वाटतं. आपणही २०२० मध्ये हेच केलं की.

पण लोकांच्या बाजूने बघा. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं इस्पितळ. तिथे रोगी पोचायचा तोच शेवटच्या अवस्थेत, त्यामुळे गेलेला माणूस परत यायचा नाही. मग निष्कर्ष सरळ होता: तिथे माणसं मारतात. अफवा उठल्या की तिथे माणसाच्या अंगातून मोमिआई काढतात, औषधी तेल. त्याच महिन्यात कोणीतरी राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. त्यावरून आणखी एक अफवा उठली, की राणी रागावली आहे आणि तिला बदल्यात इस्पितळातल्या माणसांची काळजं हवी आहेत. हसू येतं, पण व्हॉट्सॲपवर आपण काय काय फिरवलं ते आठवा, म्हणजे हसू जरा आवरेल.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मोडतोड केली, आतल्या लोकांना मारहाण झाली. आतले लोक म्हणजे कोण? आजारी माणसं, आणि त्यांच्या उशाशी उभं राहण्याची हिंमत दाखवलेले कर्मचारी.

आणि ऑक्टोबर संपता संपता स्नो यांनी आपलाच हुकूम सैल केला. ज्या घरात रोग्याला नीट वेगळं ठेवता येईल, तिथून त्याला जबरदस्तीने नेणार नाही, असं जाहीर केलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, दंगलीला घाबरले. पण स्नो यांनी दिलेलं कारण वेगळं आहे, आणि तोच आजच्या भागाचा गाभा आहे. त्यांना सगळ्यात मोठी भीती होती ती हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील याची. व्यापारी, कारकून, गिरणीकामगार हजारोंनी गाड्या आणि बोटी भरून निघाले होते. पुढे फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. हे चालून जाईल, असा स्नो यांचा हिशोब. पण सफाईवाले गेले तर काही दिवसांत मुंबईचा प्रचंड उकिरडा होईल आणि मग प्लेग थोपवायची भाषाच बंद करावी लागेल. आणि सफाईवालेही माणसंच. त्यांच्या घरात कोणाला ताप आला तर त्यांनाही आर्थर रोडचीच भीती. सक्ती रेटली असती तर सगळ्यात आधी हे खातंच पळालं असतं.

म्हणजे बघा, शहराच्या सगळ्यात मोठ्या साहेबाने शहराच्या सगळ्यात खालच्या नोकरांच्या मनाचा अंदाज घेऊन धोरण बदललं. कळवळ्यापोटी केलं असं मी म्हणणार नाही. हिशोबच होता तो. पण बरोबर हिशोब होता. सफाईवाले टिकले. त्या भयंकर हिवाळ्यात मुंबईची झाडलोट बंद पडली नाही.

कायदा असताना गरज काय होती?

इथे कोणी विचारेल, नोकर होते ना, पळाले तर शिक्षा करायची. गंमत म्हणजे तसा कायदा होताच! मुंबईच्या हलालखोरांनी १८८९ साली संप केला होता, आणि पाठोपाठ १८९० साली म्युनिसिपल नोकरांसाठी कायदा आला: सार्वजनिक आरोग्याशी संबंधित काम करणाऱ्याने मुदतीची नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा, तुरुंगवास होऊ शकतो. तो कायदा १८९६ ला लागू होता. पण ज्याला वाटतंय की इथे थांबलो तर आठ दिवसांत मरेन, त्याला तीन महिन्यांच्या तुरुंगाची काय भीती? रेल्वेचं तिकीट काढून तो काठियावाडला पोचला की कोण शोधणार? स्नो यांना हे कळत होतं म्हणून त्यांनी कायद्यावर भिस्त ठेवली नाही.

मग फेब्रुवारी १८९७ मध्ये दिल्या-घेतल्या चार कलमांचा एक नवा कायदा आला. साथरोग कायदा, एपिडेमिक डिसीझेस ॲक्ट. त्यातलं शेवटचं कलम कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं आहे, पण कसल्या सुरक्षेचं? या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर तुमच्यावर खटला भरता येणार नाही, अशा सुरक्षेचं. अधिकाऱ्याला लोकांच्या तक्रारीपासून वाचवलं. लोकांच्या रागापासून वाचवणारं त्यात काहीच नव्हतं, आणि रोगापासून वाचवणारं तर त्याहून नव्हतं.

याचा परिणाम पुण्यात दिसला. रँड यांनी घरझडतीला गोरे सोल्जर लावले. पुढचं तुम्हाला पाठ आहे: २२ जून १८९७, गणेशखिंड, रँड आणि आयर्स्ट. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. त्या घटनेकडे आपण स्वातंत्र्यलढ्याचं पान म्हणून बघतो, आणि ते आहेच. पण ज्या दिवशी आरोग्याचं काम आणि बंदूक एकाच दारात उभी राहिली, त्या दिवसापासून पुण्यात प्लेगचं काम करणं हेच धोक्याचं झालं, हेही तितकंच खरं.

मुंबईत मार्च १८९७ पासून जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती होती. सक्ती तिथेही होती, झडत्या होत्या. पण गॅटेकर यांनी वेगवेगळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बरोबर घेतलं, बायकांच्या तपासणीसाठी बायका नेमल्या, ज्याच्या त्याच्या समाजाची इस्पितळं उघडू दिली. आपल्या लोकांचं इस्पितळ, आपल्या हातचं पाणी, म्हटल्यावर जे आर्थर रोडला मेले तरी गेले नसते ते तिथे जायला लागले. यात जातीपातीला खतपाणी होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण झडतीला जाणाऱ्या माणसाबरोबर गल्लीतला ओळखीचा चेहरा असला की दगड कमी पडतात, हा साधा अनुभव होता. पुढच्या समितीच्या काळात, ९ मार्च १८९८ ला, मदनपुऱ्यात एका घरातल्या आजारी मुलीच्या तपासणीवरून वाद झाला आणि शहरभर दंगल उसळली. विश्वास तयार व्हायला महिने लागतात, उडायला एक सकाळ पुरते.

रोगापासून सुरक्षित म्हणजे किती?

आता जरा आत, इस्पितळात जाऊ. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. रुग्णालयातले डॉ. रॉबर्ट मॅन्सर प्लेगने गेले. त्यांची शुश्रूषा करणारी नर्सही गेली. तोवर समज असा होता की गाठीला हात लावताना जपलं की झालं. पण डॉ. चाइल्ड यांनी मृत रोग्यांच्या तपासणीतून दाखवलं की प्लेगचा एक प्रकार थेट फुप्फुसात होतो, आणि तो खोकल्यातून पसरतो. म्हणजे डॉक्टर आणि नर्स रोग्यावर वाकून त्याची नाडी बघत होते, तेव्हाच धोका सगळ्यात जास्त होता. ही माहिती मिळायला आधी आपली माणसं जावी लागली.

तिकडेच, ग्रँट मेडिकल कॉलेजात, वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. जागा किती? कॉलेजातली एक छोटी खोली. माणसं किती? एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिने रात्रंदिवस काम. त्यात एका मदतनिसाचा मानसिक तोल गेला आणि दोघं काम सोडून गेले. हाफकिन यांच्या प्रत्येक गौरवग्रंथात हे वाक्य येतं, आणि नेहमी त्यांची चिकाटी दाखवायला येतं. मी मात्र तिथे थांबलो. चार माणसांच्या टीममधली तीन गळाली. आमच्याकडे असं झालं तर मॅनेजरला कोणी हिरो म्हणणार नाही, आधी प्रश्न विचारतील.

अर्थात हाफकिन यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. मगच भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाला. "आधी मी" म्हणणारा साहेब असला की हाताखालच्या माणसाला काम सोपं जातं. त्याच साथीत आपल्याकडचीही अशी माणसं आहेत. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत गेले. दोघांची आठवण आपण त्यागाची गोष्ट म्हणून काढतो. काढावीच. पण माणसाचा त्याग ही व्यवस्था होऊ शकत नाही. दर साथीला एकेक सावित्रीबाई देऊन कुठला समाज उभा राहील?

आणि दोष कोणाचा?

भीतीचा तिसरा प्रकार मला सगळ्यात ओळखीचा वाटला. रोगाची भीती नाही, जमावाची नाही. चुकीचं खापर फुटायची भीती.

१८९९ ला हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच. तिथून देशभर लस जात होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सरकारी चौकशी बसली. परळच्या प्रयोगशाळेत निर्जंतुकीकरणाची पद्धत थोडी बदलली होती, तेव्हा दोष परळचाच असणार, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून बाजूला केलं.

पण टोचलेल्या दिवशीची हकीकत नीट बघितल्यावर असं दिसलं की बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा धनुर्वाताचा वास आला नव्हता, म्हणजे दूषण परळला झालं असण्याची शक्यता कमी. रोनल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये जाहीर पत्रं लिहिली. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. पाच वर्षं गेली होती. त्यानंतर ते भारतात परत आले, पण कलकत्त्याला, आणि आधीसारखं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही.

आमच्या क्षेत्रात काही बिघडलं की नंतर एक लेख लिहितात, त्याला "पोस्टमॉर्टेम" म्हणतात. चांगल्या टीममध्ये त्याचा एकच नियम असतो: कोण चुकलं हे विचारायचं नाही, कशामुळे चुकणं शक्य झालं ते विचारायचं. मुल्कोवालला हा नियम लावून बघा. एका गावात, उघड्यावर, एका दिवसात शंभरावर माणसांना टोचायचं, चिमटा पडला तर तो नीट उकळायला ना वेळ ना सोय. मग चिमटा पडणारच. हाफकिन सुटले ते त्या मदतनिसाकडे बोट गेल्यावर. पण खालच्या माणसाकडे वळलेलं बोटही तसंच अर्धवट आहे. ज्या खात्यात चिमटा पडला हे सांगायची सोय नाही, तिथे चिमटे पडतात आणि कोणी सांगत नाही.

तेच इस्पितळ, तोच कायदा

आता उडी मारू थेट २०२० मध्ये. मार्चमध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोविडचे रुग्ण कुठे ठेवले? कस्तुरबा रुग्णालयात. हे कस्तुरबा म्हणजेच आर्थर रोडचं ते जुनं इस्पितळ, ज्याच्यावर हजार माणसं चालून गेली होती. आणि कायदा कुठला लावला? १८९७ चाच. सव्वाशे वर्षांत बदललेलं काय, तर कर्मचाऱ्यांवर हल्ले व्हायला लागल्यावर २२ एप्रिल २०२० ला त्यात दुरुस्ती आली: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. १८९७ ला कायद्याने अधिकाऱ्याला लोकांच्या खटल्यापासून वाचवलं होतं. आता त्या कायद्यात पहिल्यांदा नर्सला लोकांच्या दगडापासून वाचवायचा विचार झाला. उशिरा झाला, पण झाला.

माझी मावशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. तिला मी हा भाग करायच्या आधी विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्ही सगळ्या टिकलात कशा?" मला वाटलं होतं ती थाळ्या-टाळ्यांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "अरे, टाळ्या वाजवल्या ते बरं वाटलं एक दिवस. पण आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या, त्यावर आम्ही वर्ष काढलं." तीन गोष्टी अशा. केंद्राच्या मागच्या खोलीत बायकांसाठी गरम पाण्याची आणि कपडे बदलायची सोय, म्हणजे घरी पोराबाळांत जाताना धाकधूक नको. सर्वेक्षणाला जाताना दर वस्तीत तिथलीच एक ओळखीची बाई किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य बरोबर. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला, दोन-दोन हात अंतर ठेवून, अंगणात चहा. त्या चहाला नियम एकच: दिवसभरात काय चुकलं ते सांगायचं आणि त्यावर कोणी कोणाला रागवायचं नाही. "एकदा मी दोन सॅम्पलची लेबलं उलटी लावली होती," मावशी म्हणाली, "चहाच्या वेळी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून लेबल लावायला दोघी बसायला लागलो. आणि नंतर तो कंपाउंडर माझी नक्कल करायचा, सगळे हसायचे. मीही हसायचे."

मी गप्पच झालो. म्हटलं, मी शंभर वर्षांपूर्वीचे अहवाल चाळून जे तीन मुद्दे काढत बसलो, रोगाची भीती, जमावाची भीती, खापराची भीती, त्या तिन्हींचा बंदोबस्त एका तालुक्याच्या डॉक्टरने एका आठवड्यात केला होता. गरम पाणी, ओळखीचा चेहरा, चहा.

सगळीकडे असं नव्हतं, हेही मावशीच म्हणाली. शेजारच्या एका केंद्रात मास्क कपाटात कुलूपबंद आणि चुकलं की सगळ्यांदेखत झापायचं, अशी पद्धत होती. तिथल्या दोघी सुट्टीवर गेल्या त्या लवकर आल्याच नाहीत. कुठली शिक्षा त्यांना परत आणू शकली नाही. १८९० च्या कायद्याची आठवण झाली मला.

आणि पैशाचा मुद्दा राहू नये म्हणून सांगतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी संप केला. दुसरी लाट नुकती ओसरत होती. आठवडाभराने तो मिटला, तेव्हा महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता ठरला. त्यांनी संप करायला नको होता असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांना मी स्नो साहेबांचा हिशोब सांगतो. ज्यांच्याशिवाय शहर उकिरडा होतं किंवा गावात लस पोचत नाही, त्यांचं मन राखणं हा उपकार नाही. साथ थोपवायच्या कामातलं ते पहिलं काम आहे, कार्बोलिकच्याही आधीचं.

"आनंदी" या शब्दाबद्दल

साथीच्या काळात ऑफिस आनंदी ठेवा, असं कोणी म्हटलं की मला आधी भिंतीवरचे हसरे पोस्टर आठवतात. इतिहास वाचून माझं मत असं झालंय की आनंद हा वेगळा आणून वाटता येत नाही. माणूस मोकळेपणाने हसतो ते कधी? घरी रोग नेत नाही याची खात्री असते तेव्हा. बाहेर पडल्यावर दगड पडणार नाही असं वाटतं तेव्हा. आणि आपल्या हातून चिमटा पडला तर तो सांगता येतो तेव्हा. हे तिन्ही असलं की चहाच्या वेळी नक्कल आपोआप होते. नसलं की केक कापूनही काही होत नाही.

१८९६ च्या त्या सफाईवाल्यांपैकी एकाचंही नाव मला अहवालात सापडलं नाही. संख्या आहे, कामाचं वर्णन आहे, स्नो यांनी केलेलं कौतुकही आहे. ते हसत होते की नाही, रात्री घरी गेल्यावर काय बोलत होते, हे कोणी लिहून ठेवलं नाही. मावशीची गोष्ट मी मुद्दाम इथे घातली ती त्याच्यासाठी. पुढच्या साथीत कोणी आपल्या काळाचे अहवाल चाळेल, तेव्हा त्याला निदान एका केंद्राच्या अंगणातला साडेपाचचा चहा तरी सापडावा.

तुमच्या घरात, ओळखीत कोणी आरोग्यसेविका, आशाताई, सफाई कामगार, लॅबवाले असतील, तर या आठवड्यात त्यांना एकच प्रश्न विचारा: तेव्हा तुम्ही कशावर टिकलात? जे सांगतील ते लिहून ठेवा, तारखेसकट. मला पाठवलंत तर पुढच्या एखाद्या भागात नावं न घेता वाचून दाखवेन.

पुढच्या भागात परळच्या त्या गव्हर्नमेंट हाउसची गोष्ट, म्हणजे गव्हर्नरचा बंगला प्रयोगशाळा कसा झाला ते. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ज्यांनी तुमची घेतली त्यांचीही घ्या. भेटू!